फळीवर नसलेलं गाणं
(प्रस्तावना)

2 एप्रिल 2006 च्या रविवारी बीबीसीच्या रेडिओ वनवरून ब्रिटनमधल्या पॉप गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी नेहमीप्रमाणे वाचून दाखवली गेली. पहिल्या क्रमांकावर होतं नार्ल्स बार्कली या जोडीचं 'क्रेझी'. 31 हजारांहून अधिक लोकांनी ते त्या आठवड्यात रोख पैसे मोजून घेतलं होतं, आणि तरीही ते दुकानांत विकायला आलेलंच नव्हतं. सीडी यायची होती दुसऱ्या दिवशी, सोमवारी. ब्रिटनमध्ये 1952 पासून ही यादी निघत होती. त्या चोपन्न वर्षांत, केवळ तारेवरून घरात उतरवून घेतलेल्या प्रतींच्या जोरावर एखादं गाणं शिखरावर जावं, असं याआधी घडलं नव्हतं.

हे पुस्तक त्या रविवारच्या आगेमागे घडलेल्या गोष्टींचं आहे. काळ साधारण 2004 ते 2014, म्हणजे जेमतेम दहा वर्षांचा. मुख्य मुक्काम ब्रिटनमध्ये आणि मधूनमधून अमेरिकेत फेरी. गाण्यांच्या सौंदर्याबद्दल इथे फारसं काही नाही. ती चांगली होती की टुकार, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला कुतूहल आहे ते मोजणीचं. कोणाचा खप मोजायचा, कधीपासून मोजायचा, कशाला खप म्हणायचं, हे काही माणसं एका खोलीत बसून ठरवतात, आणि त्यांनी ठरवलेलं एखादं कलम बदललं की अख्ख्या देशाची 'आवड' एका आठवड्यात बदललेली दिसते.

मराठी वाचकाला या यादीशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. ब्रिटनमधली पहिली यादी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकात 14 नोव्हेंबर 1952 रोजी छापून आली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, 3 डिसेंबर 1952 रोजी, रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण ज्या पिढ्यांनी बुधवारी रात्री रेडिओला कान लावून 'पायदान' ऐकली, त्यांना आठवड्याच्या यादीची ओढ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. गीतमालेतही दुकानांतला खप आणि श्रोता संघांची पसंती यांचा मेळ घालावा लागे. आकडा कुठून आणायचा आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा, ही डोकेदुखी मुंबईत होती तशीच लंडनमध्ये होती.

लंडनची सुरुवात तर अगदीच घरगुती. साप्ताहिकाच्या जाहिरात विभागातले पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन केले, तुमच्याकडे या आठवड्यात काय खपलं ते विचारलं आणि उत्तरांची बेरीज केली. यादी बारा क्रमांकांची होती, पण बरोबरी झाल्यामुळे तिच्यात पंधरा तबकड्या बसल्या. पहिला पहिला क्रमांक ॲल मार्टिनो या अमेरिकी गायकाचा. हेतू सरळ होता: यादी छापली की वाचक वाढतील आणि जाहिराती मिळतील. पुढे इतर नियतकालिकांनी आपापल्या याद्या काढल्या, त्या एकमेकींशी जुळेनात, आणि 1969 मध्ये बीबीसी व व्यापारी मंडळींनी मिळून एका बाजार-संशोधन संस्थेकडे हे काम सोपवलं. निवडक दुकानांत वही असे. विकल्या गेलेल्या तबकडीचा क्रमांक दुकानातल्या पोऱ्याने तिच्यात लिहायचा आणि आठवड्याने वही टपालाने पाठवायची.

या वहीने बरेच धंदे शिकवले. आकडे पाठवणारी दुकानं कोणती, याचा वास रेकॉर्ड कंपन्यांच्या फिरत्या माणसांना लागलेला असे. मग त्या दुकानांना काही प्रती फुकट, काही भेटवस्तू, आणि वहीत दोन-चार जास्तीच्या नोंदी. 1983 पासून गॅलप या संस्थेने दुकानांत इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसवली, नंतर बारकोड आला, आणि हा उघडा भ्रष्टाचार आवाक्यात आला. पण एक गोष्ट यंत्राने बदलली नाही आणि पुस्तकातलं माझं सगळं म्हणणं तिच्याभोवती फिरतं. दुकानाच्या फळीवर जे आहे तेच खपू शकतं, आणि फळीवर काय ठेवायचं, कोणत्या सोमवारी ठेवायचं, केव्हा उचलून घ्यायचं, हे कंपनी ठरवते. यादी म्हणजे लोकांची आवड असं आपण म्हणत आलो. खरं तर ती कंपनीने उघड्या ठेवलेल्या दारातून आत शिरलेल्या लोकांची शिरगणती होती.

1990च्या दशकात हे दार उघडण्याची कला कळसाला पोचली. गाणं रेडिओवर चार-सहा आठवडे आधीपासून वाजवत राहायचं, पण विकायला आणायचं नाही. लोक दुकानात विचारून परत जाणार, भूक वाढणार, आणि मग ठरलेल्या सोमवारी सगळ्या प्रती एकदम बाजारात. एरवी चार पौंडांच्या घरात असलेली सीडी पहिल्या आठवड्यात निम्म्या किमतीत, कधी तर 99 पेन्समध्ये. वर एकाच गाण्याच्या दोन वेगळ्या सीडी, प्रत्येकीवर वेगळी भरीची गाणी, म्हणजे निष्ठावंत चाहता दोन्ही घेणार. त्यामुळे गाणं पहिल्याच आठवड्यात वर उगवायचं आणि दुसऱ्या आठवड्यापासून गडगडायचं. 1992 मध्ये वर्षभरात पहिल्या क्रमांकाचा मान मिळालेली गाणी डझनभर होती. 2000 मध्ये ती चाळीसच्या वर गेली. 1991 मध्ये ब्रायन ॲडम्सचं एक गाणं सलग सोळा आठवडे शिखरावर बसलं होतं, यावर 2000 सालच्या पोरांचा विश्वास बसला नसता.

अमेरिकेत कंपन्यांनी याच्या उलट टोक गाठलं. एक गाणं चार डॉलरला विकण्यापेक्षा त्या गाण्यासाठी पंधरा-सोळा डॉलरचा अल्बम घ्यायला लावणं फायद्याचं, म्हणून त्यांनी लोकप्रिय गाण्यांचे सिंगल काढणंच कमी केलं. 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाच्या 'हॉट हंड्रेड' यादीचा नियम असा होता की दुकानात सिंगल नसेल तर यादीत जागा नाही. परिणामी नो डाउट या बँडचं 'डोन्ट स्पीक' रेडिओवर सोळा आठवडे सर्वाधिक वाजत होतं आणि देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित यादीत त्याचं नावही नव्हतं. 1998च्या डिसेंबरात बिलबोर्डने ही अट काढली, तेव्हा यादी अधिक खरी झाली हे खरं, पण ती बव्हंशी रेडिओवाल्यांची यादी झाली. ऐकणाऱ्याच्या खिशातला पैसा तिच्यात जवळपास उरला नाही.

मग इंटरनेटवरून गाण्यांची आपसांत देवाणघेवाण करू देणारं नॅप्स्टर आलं. 1999 ते 2001 या दोन वर्षांत तरुण पिढीला कळलं की गाणं एकेकटं मिळू शकतं, मध्यरात्री मिळू शकतं आणि फुकट मिळू शकतं. कोर्टाने नॅप्स्टर बंद पाडलं, सवय बंद पडली नाही. 28 एप्रिल 2003 रोजी ॲपलने अमेरिकेत आयट्यून्सचं दुकान उघडलं, गाण्याला 99 सेंट, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. ब्रिटनमध्ये ते 15 जून 2004 रोजी पोचलं. दर 79 पेन्स. ज्या मालासाठी कंपन्या चार पौंड मागत होत्या, तो आता एका पौंडाच्या आत, आणि ज्यात दोन गाणी चांगली आणि दहा भरताड असत त्या अल्बममधली नेमकी दोनच उचलायची मुभा. कंपन्यांचं कंबरडं चोरीने मोडलं असं म्हणतात. सुटं विकण्याचा वाटा त्यात किती मोठा होता, हे त्या मानाने कमी बोललं जातं.

नवा रस्ता उघडत होता तेव्हा जुना रस्ता किती ओस पडला होता, याची साक्ष एल्व्हिस प्रेस्ली देतो. 2005च्या जानेवारीत त्याच्या सत्तराव्या जयंतीचं निमित्त करून ब्रिटनमध्ये त्याची जुनी पहिल्या क्रमांकाची गाणी आठवड्याला एक अशी मर्यादित प्रतींत पुन्हा विकायला काढली. 1977 मध्ये गेलेल्या या माणसाला काही आठवड्यांत तीन नवे पहिले क्रमांक मिळाले. त्यांतलं 'वन नाइट' हे यादीच्या इतिहासातलं एक हजारावं शिखरावरचं गाणं ठरलं. त्यासाठी किती प्रती लागल्या? वीस हजारांच्या आसपास. सहा कोटी वस्तीच्या देशात एवढ्याशा संग्राहकांनी शिखर काबीज केलं, कारण बाकीच्यांनी सिंगल विकत घेणं सोडलं होतं.

1 सप्टेंबर 2004 रोजी डाउनलोडची वेगळी अधिकृत यादी सुरू झाली होती आणि तिचं पहिलं मानकरी ठरलं वेस्टलाइफ या बँडचं प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेलं एक गाणं. ही वेगळी पंगत फार दिवस टिकणार नव्हती. 17 एप्रिल 2005 च्या यादीपासून डाउनलोड मुख्य क्रमवारीत धरले जाऊ लागले. (अमेरिकेने हे दोन महिने आधी, फेब्रुवारीतच केलं होतं.) पण ब्रिटनमध्ये एक अट होती: त्या गाण्याची हातात धरता येईल अशी प्रत दुकानात असलीच पाहिजे. या अटीमागे दुकानदारांची भीती होती. गिऱ्हाईक रेडिओवर पहिल्या क्रमांकाचं गाणं ऐकून येणार, आपल्या फळीवर ते नसणार आणि आपण तोंडात मारल्यासारखे उभे राहणार. भीती खोटी नव्हती. वूलवर्थ्ससारखी जुनी साखळी, जिथे निम्म्या ब्रिटनने आपली पहिली तबकडी घेतली, ती जानेवारी 2009 पर्यंत कायमची बंद झाली. कारणं इतरही होती, पण गाण्यांचा कप्पा काही तिला वाचवू शकला नाही.

अट आली की पळवाट येतेच. गोरिलाझ या बँडच्या 'फील गुड इंक' या गाण्याची सीडी मे महिन्यात यायची होती. त्याआधी एप्रिलमध्येच अगदी थोड्या, काहीशे, काळ्या तबकड्या दुकानांत टाकल्या गेल्या. हातात धरता येईल अशी प्रत झाली, नियम पाळला गेला, आणि डाउनलोडच्या बळावर गाणं ताबडतोब यादीत शिरलं. मला हा प्रसंग फार आवडतो. त्या तबकड्या वाजवण्यासाठी नव्हत्याच, त्या कलमाची पूर्तता करणारा कागद होत्या. 2006च्या मार्चमध्ये नियम सैल झाला: दुकानातली प्रत येण्याच्या एक आठवडा आधीपासूनचे डाउनलोड धरले जातील. लगेच दोन-तीन आठवड्यांत 'क्रेझी'ने त्या फटीतून शिखर गाठलं.

'क्रेझी'ची चढाई सगळ्यांना आठवते. त्याची एक्झिट जास्त बोलकी आहे. नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिल्यावर गाण्याच्या कर्त्यांनी सीडी बाजारातून काढून घेतली. लोकांना वीट येण्याआधी थांबावं, असा त्यांचा विचार. लोक अजून ते विकत घेतच होते, कारण आयट्यून्सवर ते होतंच. पण नियम सांगत होता की दुकानातली प्रत रद्द झाल्यावर दोन आठवड्यांनी गाणं यादीतून बाद. तसं ते झालं. हळूहळू खाली घसरत नाही, एकदम अदृश्य. हजारो लोक पैसे मोजून घेत असलेलं गाणं यादीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, ही विसंगती इतकी उघडी पडली की अट फार काळ राखणं शक्य नव्हतं.

1 जानेवारी 2007 पासून ती गेली. आता कुठलंही गाणं, कुठल्याही वर्षीचं, सिंगल म्हणून निघालेलं असो वा अल्बमच्या पोटात दडलेलं, त्या आठवड्यात पुरेसं विकलं गेलं तर यादीत. 7 जानेवारीच्या पहिल्याच यादीत स्नो पॅट्रोलचं आदल्या वर्षीचं 'चेसिंग कार्स' पहिल्या दहांत परत आलं. हाकलून दिलेलं 'क्रेझी'ही मागच्या दाराने आत शिरलं. त्याच महिन्यात एसेक्समधल्या कूपा या बँडने, पाठीशी कुठलीही रेकॉर्ड कंपनी नसताना, एकतिसावा क्रमांक मिळवला. टॉप फॉर्टीत आलेला हा पहिला करारमुक्त बँड. आणि रेडिओ वनवर सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या क्रिस मॉयल्सने नव्या नियमाची गंमत करून बघायची म्हणून श्रोत्यांना 1999 सालचं बिली पायपरचं एक विसरलेलं गाणं घ्यायला सांगितलं, तर ते सतराव्या क्रमांकावर येऊन बसलं.

या गमतीत पुढच्या सात वर्षांचा आराखडा होता, असं आज मागे वळून बघताना वाटतं. आतापर्यंत यादीत शिरायला 'नवीन' असावं लागे, आणि नवीन काय हे कंपनी सांगे. आता यादीपुढे अख्खं शतक उघडं झालं.

मृत्यूच्या बातमीनंतर काय होतं ते ताडून बघण्यासारखं आहे. 8 डिसेंबर 1980 रोजी जॉन लेनन मारला गेला. त्याचं त्या वेळी बाजारात असलेलं गाणं पुन्हा वर चढलं, पण लोकांना जे हवं होतं ते 'इमॅजिन' शिखरावर पोचायला जानेवारी उजाडला. कारखान्याने तबकड्या छापायच्या, ट्रकने पाठवायच्या, दुकानांनी मांडायच्या, मग शोकाला वाट मिळणार. 25 जून 2009 च्या गुरुवारी मायकेल जॅक्सन गेला. ब्रिटनमध्ये बातमी रात्री पोचली आणि रविवारच्या यादीत, म्हणजे जेमतेम दोन दिवसांच्या खरेदीवर, त्याची गाणी आलेली होती. पुढच्या रविवारी 'मॅन इन द मिरर' दुसऱ्या क्रमांकावर. हे गाणं 1988 साली ब्रिटनमध्ये पहिल्या दहांतसुद्धा गेलं नव्हतं. कंपनीने निवडलं असतं तर 'बिली जीन' किंवा 'थ्रिलर' छापलं असतं. लोकांनी शोकासाठी स्वतःचं गाणं निवडलं. तिकडे अमेरिकेत एका आठवड्यात त्याची 26 लाख गाणी डाउनलोड झाली, तरी हॉट हंड्रेडमध्ये त्यांपैकी एकही नाही, कारण जुनी गाणी धरायची नाहीत असा बिलबोर्डचा तेव्हा नियम होता. एकच शोक, दोन देश, आणि दोन याद्यांत दोन वेगळी चित्रं.

अमेरिकेच्या यादीत डाउनलोडने दुसराच खेळ मांडला: उड्यांचा. 1964 मध्ये बीटल्सचं 'कान्ट बाय मी लव्ह' सत्ताविसाव्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर गेलं, तो विक्रम 2002 पर्यंत अबाधित होता. डाउनलोडच्या काळात तो खेळण्यासारखा मोडत गेला. मरून फाइव्ह 64 वरून 1, टी. आय. 71 वरून आणि काही आठवड्यांतच दुसऱ्या गाण्याने 80 वरून, ब्रिटनी स्पिअर्स 96 वरून, आणि 2009च्या सुरुवातीला केली क्लार्कसन 97 वरून थेट पहिल्या जागी. यात जादू काही नव्हती. गाणं आधी रेडिओवर येई, तेवढ्या जोरावर यादीच्या तळाशी चिकटे, आणि ज्या आठवड्यात आयट्यून्सवर खुलं होई त्या आठवड्यात अडीच-पावणेतीन लाख प्रती एकदम. वर्तमानपत्रं याला ऐतिहासिक झेप म्हणत. मला ती दोन वेगळ्या काट्यांवर तोललेला माल एकाच पावतीवर लिहिल्याची खूण वाटते.

टीव्हीवरच्या 'ग्ली' मालिकेच्या कलाकारांचं प्रकरण त्याहून मजेदार. दर भागात पाच-सहा जुनी गाणी नव्याने म्हणायची आणि भाग संपला की ती विकायला ठेवायची. 2011च्या फेब्रुवारीत या चमूने हॉट हंड्रेडमधल्या एकूण गाण्यांच्या संख्येत एल्व्हिसला मागे टाकलं. बहुतेक गाणी एक आठवडा टिकायची आणि जायची. एल्व्हिसचे भक्त चिडले ते साहजिक, पण यादी खोटं बोलत नव्हती. तेवढ्या लोकांनी तेवढे पैसे दिलेच होते.

ब्रिटनमधला सगळ्यांत गाजलेला प्रसंग 2009च्या नाताळचा. तिकडे नाताळच्या आठवड्यातला पहिला क्रमांक हा राष्ट्रीय जिव्हाळ्याचा विषय. त्यावर सट्टा लागतो. 2005 ते 2008 सलग चार वर्षं हा मान टीव्हीवरच्या 'एक्स फॅक्टर' स्पर्धेच्या विजेत्याला गेला होता, कारण अंतिम फेरी आणि गाण्याचं प्रकाशन यांचं वेळापत्रकच तसं बांधलेलं. (2008 मध्ये तर विजेतीने म्हटलेलं लेनर्ड कोहेनचं 'हॅलेलुया' पहिलं, जेफ बकलीने म्हटलेलं तेच गाणं दुसरं, आणि खुद्द कोहेनचं छत्तिसावं, असा एका आठवड्यात तिहेरी मुक्काम झाला. फळीच्या काळात हे अशक्य होतं.) 2009 मध्ये एका दांपत्याने फेसबुकवर आवाहन केलं: यंदा सगळ्यांनी मिळून रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचं 1992 सालचं, शिव्यांनी भरलेलं 'किलिंग इन द नेम' डाउनलोड करू या. निकाल लागला तेव्हा रेजच्या प्रती होत्या 5,02,672 आणि स्पर्धेचा विजेता जो मॅकएल्डरी याच्या सुमारे साडेचार लाख. केवळ डाउनलोडवर नाताळचा पहिला क्रमांक मिळवणारं हे पहिलं गाणं.

लोकांनी बड्या उद्योगाला धडा शिकवला, असं तेव्हा सर्वत्र लिहिलं गेलं. त्या उत्साहात एक तपशील हरवला: दोन्ही गाणी सोनी कंपनीच्याच छत्राखालची होती. बंडाचा आणि ज्याच्याविरुद्ध बंड त्याचा, दोघांचाही गल्ला एकाच घरात गेला. तरीही मी हा विजय पोकळ मानत नाही. सतरा वर्षं जुनं गाणं फळीवर आणायचं तर त्या कंपनीची मर्जी लागली असती, आणि स्वतःच्याच ताज्या मालाच्या आड येणारं गाणं तिने नाताळच्या तोंडावर कशाला छापलं असतं? डाउनलोडमुळे विचारायची गरजच पडली नाही.

चार वर्षांनी याच दाराने राजकारण आत आलं. 8 एप्रिल 2013 रोजी मार्गारेट थॅचर यांचं निधन झालं आणि त्यांच्या विरोधकांनी 1939च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटातलं चेटकीण मेल्याचा आनंद करणारं, मिनिटभराचंही नसलेलं गाणं घ्यायला सुरुवात केली. आठवड्यात 52,605 प्रती, दुसरा क्रमांक. बीबीसीची पंचाईत अशी की यादीचा कार्यक्रम म्हणजे खपाचा अहवाल. त्यातून एक नोंद गाळावी तर अहवाल खोटा, आणि वाजवावं तर अंत्यविधीही न झालेल्या वृद्धेची विटंबना. तोडगा निघाला तो खास सरकारी: गाणं वाजवायचं नाही, त्याबद्दल बातमी द्यायची आणि बातमीत पाचेक सेकंदांचा तुकडा ऐकवायचा. थॅचर यांच्या चाहत्यांनी उलट मोहीम काढून एक जुनं पंक गाणं वर ढकललं, ते पस्तिसाव्या जागेपर्यंतच गेलं. पॉपच्या यादीची मतपेटी झाली, अशी तक्रार त्या वेळी झाली. तक्रार करणाऱ्यांना मी इतकंच म्हणेन की मतपेटी ती आधीही होती, फक्त उमेदवार कंपनी उभे करत असे.

हे सगळं वाचताना आपल्याकडे त्या वर्षांत काय चाललं होतं, हा प्रश्न मनात येणारच. आयट्यून्स भारतात आलं 2012च्या डिसेंबरात, आणि तोवर लोकांनी आपली सोय केलेली होती. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपये द्यायचे, आणि लावणीपासून लिंकिन पार्कपर्यंत गाणी 'भरून' घ्यायची. कंपन्यांना खरा पैसा मिळे तो कॉलर ट्यूनचा. त्या दुकानांत महाराष्ट्राची आवड जितक्या खरेपणाने नोंदली गेली असेल तितकी कुठल्याही पुरस्कार सोहळ्यात नसेल. पण ती कुणी लिहून ठेवली नाही. पर्सी डिकिन्ससारखा फोन फिरवणारा माणूस तिथे कुणी नव्हता. ब्रिटनच्या यादीचं पुस्तक लिहिता येतं, मराठीतल्या त्या दशकाचं लिहिता येत नाही, याची चुटपुट या प्रकल्पाच्या मुळाशी आहे.

डाउनलोडमुळे यादी शंभर टक्के शहाणी झाली असा माझा दावा नाही. नाताळ आला की मराया कॅरीचं 1994 सालचं गाणं दर डिसेंबरात परत येऊ लागलं, ते 2007 पासून आजतागायत. तबकडीच्या उलट्या बाजूची गाणी, ज्यांत बँड आपले विचित्र प्रयोग करत, ती परंपरा संपली. उलटी बाजूच उरली नाही. कंपन्याही नव्या अंगणात नाचायला शिकल्या. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्यांनी, गाणं ज्या दिवशी रेडिओवर त्याच दिवशी विक्रीला, असं धोरण जाहीर केलं आणि ते पुरतं पाळलंही नाही, कारण लोकांना ताटकळत ठेवून पहिल्या आठवड्यात उसळी मारण्याचा मोह सुटत नव्हता. पण या सगळ्या वजावटीनंतरही मला वाटतं की 2007 ते 2014 ही सात वर्षं यादीच्या आयुष्यातली सर्वांत प्रामाणिक. माणसाने एक गाणं निवडलं, त्याचे पैसे दिले, ते मोजलं गेलं. मध्ये फळी नाही, साठा नाही, ठरलेला सोमवार नाही. आणि मरगळलेला सिंगलचा बाजार या काळात असा फोफावला की ब्रिटनमध्ये 2009 साली पंधरा कोटींवर गाणी विकली गेली, त्यांतली जवळपास सगळी डाउनलोड.

पुस्तक 2014च्या जुलैत थांबतं, कारण त्या महिन्यापासून ऑनलाइन ऐकणं यादीत धरलं जाऊ लागलं: शंभर वेळा ऐकलं की एक खरेदी. यापुढे यादी वेगळ्याच गोष्टीची झाली. खरेदी एकदा होते, ऐकणं महिनोन्महिने चालतं, त्यामुळे गाणी यादीत मुक्कामाला राहू लागली. 2017च्या मार्चमध्ये एड शीरनचा नवा अल्बम आला आणि पहिल्या वीसांत सोळा गाणी एकट्या त्याची. चार महिन्यांनी नियम आला की एका कलावंताची तीनपेक्षा जास्त गाणी यादीत घ्यायची नाहीत. दहा वर्षांपूर्वी मोठ्या कौतुकाने उघडलेलं दार पुन्हा थोडं ढकलून घ्यावं लागलं. डाउनलोड त्यातूनही पूर्ण हद्दपार झाला नाही. ज्यांना ठरवून निकाल लावायचा आहे अशा मोहिमा, नाताळच्या धर्मादाय गाण्यांपासून कोरियन बँडच्या चाहत्यांपर्यंत, आजही विकत घेण्यावरच भर देतात, कारण एका खरेदीचं वजन एका ऐकण्याहून कितीतरी पटींनी भारी पडतं.

वाचकासाठी दोन व्यावहारिक सूचना. ब्रिटनची यादी या काळात रविवारी जाहीर होई, पण अधिकृत दप्तरात तिच्यावर पुढच्या शनिवारची तारीख पडे, म्हणून 'क्रेझी'चा पहिला क्रमांक काही ठिकाणी 2 एप्रिलचा आणि काही ठिकाणी 8 एप्रिलचा दिसेल. या पुस्तकात ब्रिटनपुरती सर्वत्र जाहीर झालेल्या रविवारची तारीख दिली आहे. बिलबोर्डच्या तारखा मात्र अंकावर छापलेल्या आहेत तशाच ठेवल्या आहेत. त्या प्रत्यक्ष विक्रीच्या बऱ्याच पुढच्या असतात, तेव्हा दोन्ही देशांतल्या एकाच आठवड्याची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवावा लागेल.